चिंचोके घेऊन बसा: लेनिनचं आर्थिक धोरण दोन तासांत कसं समजवायचं

रशियन क्रांतीनंतरची पहिली दहा वर्षं कुणाला समजावून सांगायची असतील, म्हणजे युद्धकालीन साम्यवाद, नवं आर्थिक धोरण, कात्रीचं संकट वगैरे, तर कृपा करून मार्क्सपासून सुरुवात करू नका. मी केली होती. सोलापूरच्या साखर पेठेतल्या एका अभ्यासिकेत रविवारी संध्याकाळी आम्ही पंधरा-वीस जण बसतो, त्यात एमपीएससीची पोरं, विड्या वळणाऱ्या दोन मावश्या, अक्कलकोट रोडला आठ माग असलेला एक कारखानदार आणि गिरणीतून रिटायर झालेले एक काका, आणि मी फळ्यावर उत्पादनसंबंध, वरकड मूल्य असं लिहीत सुटलो होतो. अर्ध्या तासानं काका म्हणाले, "सर, ते सगळं बरोबर हाय, पण राज्य हातात आल्यावर दुसऱ्या दिवशी ज्वारी कुठनं आणली बे त्यांनी?"

मी त्या दिवशी काहीतरी गुळमुळीत बोलून वेळ मारून नेली. पण घरी जाताना लक्षात आलं की अख्खा विषय त्या एका प्रश्नात बसतो. शेतकऱ्यानं धान्य का द्यावं आणि त्याच्या बदल्यात त्याला काय मिळणार, एवढं धरून ठेवलं की १९१७ ते १९२८ सगळं आपोआप ओळीनं लागतं. तेव्हापासून मी हे चिंचोक्यांवर शिकवतो. चार-पाच वेळा करून झालंय, चुका पण बऱ्याच झाल्या, त्या सगळ्या खाली सांगतो म्हणजे तुमच्या मंडळात, एनएसएसच्या कॅम्पात किंवा क्लासमध्ये तुम्हाला परत कराव्या लागणार नाहीत.

सामान काय लागतं? दोनशे चिंचोके, चाळीस शर्टाची बटणं, कोऱ्या कागदाचे तुकडे, एक फासा आणि वीस माणसं. चिंचोक्यांच्या जागी शेंगदाणे घेऊ नका. पहिल्यांदा आम्ही घेतले होते, वसुलीवाला यायच्या आधीच निम्मं पीक लोकांनी खाऊन टाकलं. चिंचोका म्हणजे धान्य आणि बटण म्हणजे गिरणीचा माल, कापड समजा नाहीतर नांगराचा फाळ समजा. बारा जण शेतकरी, सहा जण गिरणी कामगार, एक वसुलीवाला आणि एक हिशेब ठेवणारा. हिशेबनीस जरा चलाख माणूस निवडा, त्याचं काम पुढं आहे.

खेळ सुरू करायच्या आधी दहा मिनिटं सोलापूरवर बोला, रशियावर नाही. मे १९३० मध्ये आपल्या गावात इंग्रजांचं राज्य काही दिवस उठलं होतं, मग मार्शल लॉ लागला आणि पुढं १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघांना फाशी दिलं, चार हुतात्मा चौकातनं रोज जाणाऱ्याला ही नावं सांगायची गरज नसते. आता सगळ्यांना विचारा की ते राज्य तसंच राहिलं असतं, चार दिवस नाही तर चार वर्षं, तर मार्केट यार्डात माल कुणी आणला असता, गिरणीला कापूस कुठनं आला असता, पगार कुठल्या नोटेत झाला असता. लोक पाच मिनिटं लई जोरात बोलतात आणि मग गप्प होतात. तिथनं रशियात शिरा.

आता पहिली फेरी. एका माणसाकडं सगळ्या जमिनीच्या चिठ्ठ्या द्या, तो जमीनदार. क्रांती झाली ती जुन्या रशियन कॅलेंडरनं २५ ऑक्टोबर १९१७ ला, आपल्या हिशेबानं ७ नोव्हेंबर, आणि दुसऱ्याच दिवशी लेनिननं दोन हुकूम मंजूर करून घेतले, एक शांततेचा आणि एक जमिनीचा. जमिनीचा हुकूम खरं तर बोल्शेविकांचा, म्हणजे लेनिनच्या पक्षाचा, स्वतःचा कार्यक्रम नव्हता, तो बराचसा समाजवादी क्रांतिकारक पक्षाचा होता, शेतकऱ्यांच्या मागण्यांवरून बनवलेला. लेनिननं तो उचलला कारण गावोगावी शेतकरी आधीच जमीन वाटून घ्यायला लागले होते. त्याला तत्त्वापेक्षा वेळ महत्त्वाची वाटली. जमीनदाराच्या हातातल्या चिठ्ठ्या काढून बारा जणांत वाटा आणि त्या जमीनदाराला गिरणीत कामाला लावा, लोक हसतात, वातावरण मोकळं होतं.

प्रत्येक शेतकऱ्याला दहा चिंचोके द्या. त्यातले सहा घरखर्चाला आणि बियाण्याला. प्रत्येक कामगाराला सहा बटणं द्या आणि सांगा की तुला जगायला सहा चिंचोके लागतात. एकास एक भाव. प्रत्येक शेतकरी तीन चिंचोके देतो, तीन बटणं घेतो, छत्तीसला छत्तीस जुळतात, प्रत्येकाकडं एक चिंचोका वर उरतो. दोन मिनिटांत बाजार उरकतो आणि लोक म्हणतात, एवढंच? हो, एवढंच. हे डोक्यात बसू द्या, कारण पुढं हेच बिघडणार आहे.

इथं थोडं नेतृत्वाबद्दल सांगून घ्या पण आटोपतं. पहिल्या मंत्रिमंडळाला लोककमिसार परिषद म्हणायचे, लेनिन अध्यक्ष, त्रॉत्स्की परराष्ट्र, रिकोव गृह, स्टालिन राष्ट्रीयत्वांचा विभाग, श्ल्यापनिकोव कामगार खातं, कोलोंताय समाजकल्याण. यातल्या बहुतेकांनी आयुष्यभर तुरुंग, हद्दपारी आणि परदेशात वर्तमानपत्रं काढणं एवढंच केलं होतं, कारखाना किंवा बँक चालवायचा अनुभव जवळपास कुणालाच नव्हता. डिसेंबर १९१७ मध्ये बँका ताब्यात घेतल्या तेव्हा बँकेचे कारकूनच संपावर होते. त्याच महिन्यात अर्थव्यवस्था चालवायला एक सर्वोच्च परिषद काढली. पण लगेच सगळे कारखाने सरकारी केले असं नाही, ही चूक बऱ्याच नोट्समध्ये असते. १९१८ च्या वसंतात लेनिन म्हणत होता की सध्या सरकारी देखरेखीखालची भांडवलशाही आली तरी पुढचं पाऊल समजा, हिशेब ठेवायला शिका, तज्ज्ञांना जास्त पगार द्यावा लागला तरी द्या. त्यावर त्याच्याच पक्षातल्या बुखारिन आणि डाव्या कम्युनिस्टांनी त्याला झोडपलं. बुखारिनचं हे नाव लक्षात ठेवायला सांगा, सात वर्षांनी तो अगदी उलट टोकाला दिसणार आहे.

दुसरी फेरी, युद्ध. मार्च १९१८ मध्ये जर्मनीशी ब्रेस्त-लितोव्हस्कचा तह झाला आणि युक्रेन हातातनं गेलं, म्हणजे गहू गेला आणि दोन्बासचा कोळसा गेला. मग यादवी युद्ध पेटलं, बाकूचं तेल तुटलं, मध्य आशियातल्या तुर्कस्तानचा कापूस तुटला. कापसाचं सांगाल तेव्हा आमच्या कारखानदारासारखा कुणी असेल तर त्याच्याकडं बघा, सूत आलं नाही तर माग कसा उभा राहतो हे तो तुमच्यापेक्षा चांगलं सांगेल. इव्हानोव्होच्या कापड गिरण्यांचं नेमकं तेच झालं.

खेळात काय करायचं, सहापैकी चार कामगार उठवून आघाडीवर पाठवा, म्हणजे दाराजवळ उभं करा. उरलेले दोघं बारा बटणं करतात, त्यातली दहा लष्कराला जातात. शेतकऱ्यांसाठी उरली दोन बटणं. आणि धान्य मात्र छत्तीसच पाहिजे, कारण सैनिक पण खातोच की. मग सरकार काय करतं, नोटा छापतं. कोऱ्या कागदावर "१०० रूबल" लिहून वाटा. पहिल्यांदा दोन-तीन भोळे शेतकरी घेतात. दुसऱ्या वेळी कुणी घेत नाही. प्रत्यक्षात १९२१ पर्यंत भाव हजारो पटीनं चढले होते, पगार बहुतेक वस्तूंतच मिळायचा आणि काही पक्षवाले तर म्हणत होते की बघा, पैसा आपोआप मरायला लागलाय, हाच तर साम्यवाद. माझं मत विचाराल तर ही अडचणीलाच तत्त्व म्हणायची खोड होती. घरात तेल संपलं म्हणून बिनतेलाची भाजी केली आणि वर म्हणायचं की आम्ही डाएट करायलोय, तसं.

पाच मिनिटं काहीच बोलू नका, नुसतं बघत बसा. कोपऱ्यात कुजबुज सुरू होते, कुणीतरी कामगार शेतकऱ्याला आपलं घड्याळ दाखवून दोन चिंचोके मागतो. हे आपोआप होतं, सांगावं लागत नाही. रशियात अशा लोकांना गोणीवाले म्हणायचे, शहरातनं कपडे, भांडी घेऊन रेल्वेच्या टपावर बसून गावाला जायचे आणि पोतं भरून आणायचे. शहरांच्या पोटात गेलेलं निम्म्याच्या आसपास धान्य असं चोरट्या वाटेनं आलेलं होतं. सरकार त्यांना पकडायचं पण आणि त्यांच्यावर जगायचं पण.

आता वसुलीवाला सोडा. मे १९१८ मध्ये अन्न खात्याला जवळजवळ हुकूमशाहीचे अधिकार दिले, जूनमध्ये गावात गरीब शेतकऱ्यांच्या समित्या काढल्या, त्याच महिन्यात मोठे उद्योग सरकारी केले आणि जानेवारी १९१९ पासून प्रत्येक प्रांताला धान्याचा कोटा ठरवून दिला, वरकड असेल ते सक्तीनं उचलायचं. ह्या सगळ्याला मिळून युद्धकालीन साम्यवाद म्हणतात. आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना हे एका शब्दात कळतं, लेव्ही. पण लगेच फरक पण सांगा, आपल्या लेव्हीला सरकारी भाव तरी मिळायचा, इथं मिळायचा तो कागद, आणि सोबत बंदूक असायची. खेळात वसुलीवाला प्रत्येकाकडनं सहाच्या वरचे सगळे चिंचोके उचलतो, म्हणजे चार, आणि एक पावती देतो. बारा चोक अठ्ठेचाळीस. सरकार खूष.

ह्या ठिकाणी खेळातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे आणि घाई केली की ती हुकते. प्रत्येक शेतकऱ्याला चिठ्ठी द्या आणि गुपचूप लिहायला सांगा की पुढच्या हंगामात तू किती पेरणार, जास्तीत जास्त बारा. चिठ्ठ्या मोठ्यानं वाचा. आमच्याकडं बहुतेकांनी सहा किंवा सात लिहिलं, एका मावशीनं पाच लिहिलं. मी विचारलं पाच का, तर म्हणाल्या, "वरचं नेणारच हाय तर कशाला कंबर मोडून घ्यायची? आणि पाच दाखवलं तर गरीब म्हणून सोडत्याल." कुठल्या जाड पुस्तकात युद्धकालीन साम्यवाद ह्याहून नीट सांगितलेला मला तरी सापडलेला नाही. पेरा घटत गेला त्याचं मुख्य कारण हेच.

तिसरी फेरी लई वाईट जाते, आधी सांगून ठेवा. जेवढं पेरलं तेवढं पीक द्या. समजा सगळे मिळून अठ्ठ्याहत्तर झाले. पण वसुलीवाल्याचा कोटा तोच, अठ्ठेचाळीस. तो प्रत्येकाकडनं चार उचलतो, शेतकऱ्याकडं दोन-तीन उरतात, बियाणं पण गेलं. मग फासा टाका, खिडकीकडच्या सहा जणांना वोल्गाकाठचे शेतकरी ठरवा आणि फाशावर तीनपेक्षा कमी आलं की त्यांचं उरलेलं निम्मं करा. ज्यांच्याकडं एकसुद्धा पूर्ण चिंचोका उरत नाही ते मागं जाऊन उभे राहतात. १९२१-२२ च्या दुष्काळात सुमारे पन्नास लाख माणसं मेली. हा आकडा सांगताना हसणं थांबवा, खेळ आहे म्हणून चालणार नाही. अमेरिकेच्या मदत संस्थेनं ऐन भरात रोज सुमारे एक कोटी लोकांना जेवू घातलं, आणि लेनिनच्या सरकारनं भांडवलशाही देशाची ती मदत घेतली. आपल्याकडं ७२ च्या दुष्काळातली सुकडी आणि लाल मिलो आठवणारी माणसं बसलेली असतील तर त्यांना बोलू द्या. दुष्काळ फक्त पावसानं येत नाही, कोठारात आधी काही शिल्लक होतं का ह्यावर ठरतो, हे ती माणसं तुमच्या आधी सांगतात.

शहराची अवस्था पण सांगा. पेत्रोग्राडची, म्हणजे आताच्या सेंट पीटर्सबर्गची, वस्ती १९१७ मध्ये चोवीस लाखांच्या घरात होती ती १९२० पर्यंत सात लाखांच्या आसपास आली, लोक पोटासाठी गावाला निघून गेले. मोठ्या उद्योगांचं उत्पादन युद्धाआधीच्या पाचव्या हिश्श्यावर किंवा त्याच्याही खाली. ज्या कामगार वर्गाच्या नावानं क्रांती केली तो वर्गच विरघळायला लागला. काका म्हणाले, गिरणी बंद पडल्यावर आपल्याकडं बी तेच झालं, कोण रिक्षा चालवायला लागलं, कोण पुण्याला गेलं. ह्यावर आमची इतकी चर्चा झाली की त्या दिवशी खेळ अर्धाच राहिला, म्हणून सांगतो, इथं घड्याळाकडं लक्ष ठेवा.

चौथ्या फेरीच्या आधी मार्च १९२१ नीट उभा करा. ताम्बोव प्रांतात शेतकऱ्यांचं बंड चालू आहे, पेत्रोग्राडला संप झालेत आणि जवळच्याच क्रोनस्टाट बेटावरच्या नौसैनिकांनी, जे १९१७ मध्ये क्रांतीचे लाडके होते, त्यांनीच बंड केलंय. एकीकडं बर्फावरनं फौज पाठवून ते बंड मोडलं आणि त्याच दिवसांत दहाव्या पक्ष काँग्रेसमध्ये लेनिननं सक्तीची वसुली बंद करून वस्तुरूप कराचा ठराव मंजूर करून घेतला. आधीच्या हंगामाचा कोटा ४२.३ कोटी पूद होता, नवा कर ठरला २४ कोटी पूद, पूद म्हणजे सोळा किलोच्या थोडं वर. कर पेरणीच्या आधी जाहीर करायचा आणि बाकीचं धान्य शेतकऱ्याचं.

गंमत अशी की वर्षभर आधी, फेब्रुवारी १९२० मध्ये, त्रॉत्स्कीनं जवळपास हीच सूचना केली होती आणि केंद्रीय समितीनं ती फेटाळली. आणि त्याच सुमाराला तोच त्रॉत्स्की कामगारांच्या लष्करी पलटणी काढत होता, सैन्यासारखी शिस्त लावून लाकूडतोड आणि रेल्वे दुरुस्ती. म्हणून पोरांना सांगतो की नेत्यांना "हा डावा, हा उजवा" असे शिक्के मारून पाठ करू नका, परीक्षेत पण फसाल. त्रॉत्स्की, बुखारिन, लेनिन, तिघंही ह्या चार वर्षांत दोन-दोनदा फिरलेत. लेनिननं तर ऑक्टोबर १९२१ मध्ये उघड सांगितलं की आपण सरळ साम्यवादी उत्पादन आणि वाटपाकडं उडी मारायला बघितलं ती चूक होती.

खेळात आता जाहीर करा: कर दोन चिंचोके, बाकी तुमचं, कुणालाही विका. परत चिठ्ठ्या लिहायला सांगा. ज्या मावशीनं पाच लिहिलं होतं त्यांनी बारा लिहिलं. बारा जणांचे चोवीस कर म्हणून आले, म्हणजे आधीच्या अठ्ठेचाळीसचे निम्मे, पण शहराला छत्तीस पाहिजेत, उरलेले बारा बाजारातनं घ्यावे लागणार. आता तुमच्या चलाख हिशेबनिसाला उठवा आणि व्यापारी करा. ह्या नव्या आर्थिक धोरणाचं रशियन आद्याक्षरांतलं नाव नेप, म्हणून अशा व्यापाऱ्याला रशियात नेपमन म्हणायचे. तो शेतकऱ्याकडनं स्वस्त घेतो, शहरात महाग विकतो, आणि दहा मिनिटांत सगळ्यात जास्त बटणं त्याच्याच खिशात असतात. एक विडी वळणारी मावशी चिडून म्हणाली, "म्हणजे ठेकेदार परत आला म्हणा की!" तिला माहीत असतंय, पान-तंबाखू मोजून द्यायचं, विड्या मोजून घ्यायच्या आणि मधल्या मध्ये कापायचं. रशियातले कामगार पण नेपच्या आद्याक्षरांवरनं टोमणा मारायचे की हे कामगारांचं नवं शोषण आहे. १९२२-२३ मध्ये किरकोळ व्यापाराचा तीन चतुर्थांश भाग खाजगी लोकांकडं होता, त्यामुळं राग येणं साहजिक आहे. तो राग दाबू नका, दहा मिनिटं भांडू द्या.

मग लेनिनची बाजू मांडा. लहान कारखाने भाड्यानं दिले, बाजार खुला केला, पण बँका, रेल्वे, परदेश व्यापार आणि मोठे उद्योग सरकारकडंच ठेवले, मोक्याच्या टेकड्या आपल्या हातात. सरकारी कारखान्यांना ट्रस्टमध्ये बांधून सांगितलं की तुमचा जमाखर्च तुम्ही बघा, तोटा झाला तर सरकार भरणार नाही. आणि नोट सुधारली. अर्थखातं सोकोल्निकोव्हकडं होतं, त्यानं १९२२ च्या शेवटी चेर्वोनेत्स नावाची सोन्याचा आधार असलेली नोट काढली, एक चेर्वोनेत्स म्हणजे सोन्याचे दहा रूबल. १९२४ ला जुन्या कागदी नोटा गोळा केल्या तेव्हा एका नव्या रूबलला १९२३ च्या नोटांचे पन्नास हजार द्यावे लागत, आणि १९२२ च्या आधीच्या रूबलात मोजलं तर पाच हजार कोटी. खेळातल्या त्या "१०० रूबल"च्या चिटोऱ्या इथं गोळा करून सगळ्यांसमोर फाडा. मला स्वतःला ह्या सगळ्या कथेत सोकोल्निकोव्ह लई आवडतो, त्याच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही, पण नोटेवर विश्वास बसल्याशिवाय शेतकरी पोतं उघडत नाही हे त्याला कळलं होतं.

विजेचा विषय निघाला तर थोडक्यात उरका. १९२० च्या डिसेंबरमध्ये सोव्हिएत काँग्रेससमोर देशाचा दिवे लावलेला नकाशा ठेवून क्रझिझानोव्स्कीनं तीस वीजकेंद्रांची योजना मांडली, दहा ते पंधरा वर्षांची, आणि फेब्रुवारी १९२१ मध्ये नियोजन आयोग निघाला. म्हणजे बाजार उघडणं आणि नियोजनाची सुरुवात ह्या दोन्ही गोष्टी एकाच दोन महिन्यांतल्या आहेत. आपल्याकडं भारनियमनात माग बंद पडलेले बघितलेत, त्यामुळं वीज पहिली का, हे समजावण्यात वेळ जात नाही.

पाचवी फेरी माझी आवडती. गिरणी कामगारांना एकत्र बसवा आणि सांगा, तुमचा एकच ट्रस्ट आहे, दुसरीकडं बटण मिळतच नाही, भाव तुम्ही ठरवा. ते दोन-तीन मिनिटं कुजबुजतात आणि एका बटणाला तीन चिंचोके मागतात. दर वेळी तीनच का मागतात देव जाणे, पण ऑक्टोबर १९२३ मध्ये नेमकं तेच होतं, युद्धाआधीच्या मानानं गिरणीचा माल शेतमालापेक्षा साधारण तिप्पट महाग झाला होता. फळ्यावर दोन रेघा काढा, एक वर जाणारी, एक खाली येणारी, उघडी कात्री दिसते. त्रॉत्स्कीनं एप्रिल १९२३ च्या पक्ष काँग्रेसमध्ये हाच आलेख दाखवला होता. शेतकरी काय करतात? काही करत नाहीत. चिंचोके घेऊन बसून राहतात. बटणं पडून राहतात, कामगारांना पगार मिळत नाही, संप होतात. कांद्याचा भाव पडल्यावर गाडी परत गावाला नेणारा शेतकरी आपल्या मार्केट यार्डात सगळ्यांनी बघितलाय, पण कांदा सडतो म्हणून त्याला शेवटी द्यावाच लागतो. धान्य सडत नाही पटकन. हा फरक आमच्या कारखानदारानं दाखवून दिला, मला सुचलं नव्हतं. सरकारनं ट्रस्टचं कर्ज आवळलं, भाव खाली आणायला लावले आणि १९२४ मध्ये कात्री बरीच मिटली.

हे सगळं चाललं तेव्हा लेनिन जवळपास कामातनं गेला होता. मे १९२२ मध्ये पहिला झटका, डिसेंबरमध्ये परत, मार्च १९२३ नंतर बोलणंच बंद आणि २१ जानेवारी १९२४ ला मृत्यू. त्याच्या आजारपणाच्या जरा आधी, एप्रिल १९२२ मध्ये, स्टालिन सरचिटणीस झाला, आणि तेव्हा ते पद फायली सांभाळायचं वाटत होतं. आणखी एक गोष्ट आवर्जून सांगा, जी बऱ्याच नोट्समध्ये वेगळ्या धड्यात टाकलेली असते. ज्या दहाव्या काँग्रेसनं शेतकऱ्याला बाजार मोकळा केला त्याच काँग्रेसनं पक्षात गट करायला बंदी घातली. श्ल्यापनिकोव आणि कोलोंताय ह्यांचा 'कामगारांचा विरोध' नावाचा गट त्याच आठवड्यात गप्प केला. बाजाराचं दार उघडलं आणि बोलायचं दार लावलं, आणि हे दुसरं दार लेनिननंच लावलं, स्टालिननं नाही. १९२१ मध्ये चुकलेलं धोरण बदललं कारण पक्षात अजून भांडण चालत होतं. पुढं भांडणारेच उरले नाहीत. हे माझं वाचन आहे, तुमच्या मंडळात कुणाला पटणार नाही, वाद होऊ द्या.

सहावी फेरी मतदानाची. प्रश्न असा मांडा: १९२६-२७ च्या सुमाराला उत्पादन युद्धाआधीच्या पातळीला आलंय, पण ते जुन्याच यंत्रांवर. नवी यंत्रं घ्यायची तर पैसा कुठनं आणायचा? एका माणसाला पक्षातला अर्थतज्ज्ञ प्रेओब्राझेन्स्की करा, तो म्हणणार की शेतकऱ्याकडनंच घ्यावा लागेल, गिरणीच्या मालाचा भाव चढा ठेवून. दुसऱ्याला बुखारिन करा. १९१८ चा तो तापट बुखारिन आता म्हणतोय की शेतकऱ्याला कमवू द्या, तो घेईल तसा उद्योग वाढेल, कासवाच्या चालीनं जाऊ पण जाऊ. १९२५ मध्ये त्यानं शेतकऱ्यांना "श्रीमंत व्हा" असं सांगून टाकलं आणि मग पक्षातनं इतका आरडाओरडा झाला की शब्द मागं घ्यावे लागले. आमच्याकडं मत घेतलं तर शेतकरी झालेले बहुतेक बुखारिनकडं आणि कामगार झालेले प्रेओब्राझेन्स्कीकडं गेले. काका एकटे तटस्थ राहिले, म्हणाले दोघंबी बटणाचं बोलायलेत, मला विचारलंच नाही कुणी.

मत झाल्यावर खरं काय झालं ते सांगा, लांबण न लावता. १९२७ च्या शेवटी सरकारी धान्यखरेदी घसरली, कारण सरकारनं धान्याचा भाव कमी ठेवला होता आणि दुकानात माल नव्हता, म्हणजे परत दुसऱ्या फेरीसारखंच. जानेवारी १९२८ मध्ये स्टालिन सायबेरियाला गेला आणि वसुलीवाले परत गावात शिरले. १९२८ मध्येच पहिली पंचवार्षिक योजना सुरू झाली आणि १९२९ च्या शेवटापासून सामुदायिक शेतीची सक्ती. खेळात मी वसुलीवाल्याला फक्त खुर्चीवरनं उठून उभं राहायला सांगतो. बारा जण आपापली मूठ घट्ट आवळतात, प्रत्येक वेळी.

थोड्या फुटकळ सूचना. वसुलीवाला कधीही वयानं मोठा माणूस करू नका, लोक त्याला लाजून नाही म्हणत नाहीत आणि खेळ बिघडतो, कॉलेजचा पोरगा करा. आजच्या पक्षांचं राजकारण निघालं की चहा मागवा, चहानं विषय बदलतो. तेलुगू किंवा कन्नड बोलणारी मंडळी असतील तर त्यांना त्यांच्या भाषेत भाव करू द्या, बाजार जास्त खरा वाटतो. दोन तास लागतात, दीड तासात कराल तर पाचवी फेरी कापावी लागेल आणि ती कापायची नसते. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी आणणार असाल तर शेवटी काढा, तिसऱ्या फेरीच्या आधी काढली तर दुष्काळ जमत नाही.

आणि निघायच्या आधी चिंचोके मोजून घ्या. आम्ही दोनशे वाटले होते, परत आले एकशे एकाहत्तर. मावशीच्या पिशवीत नऊ सापडले, म्हणाल्या बियाण्याला ठेवले होते.